खुर्चीवरचा नॅपकिन

लोकम. हा शब्द मी इंटर्नशिपच्या पहिल्या महिन्यापासून बिनधास्त वापरत होते आणि त्याचा अर्थ मला ठाऊक नव्हता. आमच्या टोळक्यात कुणालाच नव्हता. "तो सध्या शिरपूरला लोकम करतोय", "अमळनेरला लोकम पाहिजे, राहायची सोय आहे", असं आमचं बोलणं चालायचं. एखादा डॉक्टर रजेवर गेला की त्याच्या दवाखान्यात तेवढ्यापुरता जो दुसरा डॉक्टर बसतो तो लोकम. एवढं कळलं की आमचं भागत होतं.

अर्थ विचारला तो माझ्या बाबांनी. बाबा एसटीत कंडक्टर होते, आता निवृत्त आहेत. धुळ्याला देवपुरात आमचं घर. संध्याकाळची बुद्धवंदना झाली की बाबांचा चहा आणि बाबांच्या शंका एकदमच सुरू होतात. त्या दिवशी मी जवळजवळ नाचतच त्यांच्यासमोर आले होते. जळगावला, मेहरूणमधले एक जुने डॉक्टर गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी नाशिकला लेकीकडे निघाले होते. दीड महिना दवाखाना सांभाळायला त्यांना कुणीतरी हवं होतं, आणि आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर सगळ्यात आधी 'मी येते' लिहिलं होतं मी. पीजीच्या प्रवेशाची वाट बघत घरात बसून मला नुसता वीट आला होता.

"लोकम म्हणजे काय गं?" बाबांनी विचारलं.

"बदली डॉक्टर."

"ते कळलं. शब्दाचा अर्थ काय?"

"बाबा, इंग्रजी शब्द आहे तो."

"इंग्रजी असला म्हणून त्याला अर्थ नसतो का? ज्या कामाला निघाली, त्याचं नाव तरी नीट माहीत पाहिजे माणसाला."

मी चिडले. आयुष्यातली पहिली खरी प्रॅक्टिस मिळत होती आणि ह्यांना व्याकरण सुचत होतं! पिशवी भरता भरता मी धुसफुसत राहिले. दुसऱ्या दिवशी पहाटेची जळगाव गाडी पकडली, तेव्हा स्टँडवर सोडायला आलेल्या बाबांनी खिडकीतून पुन्हा बजावलं, "कळला की फोन कर."

मेहरूणमधला तो दवाखाना तलावाकडे जाणाऱ्या रस्त्यावर होता. दोन खोल्या. बाहेर बाकडी, आत टेबल, तपासायची कॉट, पाऱ्याचं बीपीचं मशीन, पेशंटसाठी एक साधी खुर्ची आणि डॉक्टरांची स्वतःची लाकडी खुर्ची. खुर्चीची बैठक वेताची, आणि हात इतके गुळगुळीत की त्यात खिडकी दिसावी. सर सत्तरी ओलांडलेले. काठी टेकत त्यांनी मला कपाटं दाखवली, रजिस्टरं दाखवली, कुणाला कसली ॲलर्जी आहे ते तोंडपाठ सांगितलं. मग कॉटवर बसले आणि म्हणाले, "औषधं तुला कळतात, ती मी नाही शिकवणार. एकच सांगतो. या रस्त्यावर आता काचेच्या दाराचे चार नवे दवाखाने झालेत. माणूस दीड महिना दुसरीकडे गेला की त्याला तिकडची सवय लागते. मी परत येईन तेव्हा मला माझी माणसं या बाकड्यावर दिसली पाहिजेत. बाकी काही झालं तरी चालेल."

गुडघा कापायला निघालेला माणूस, पण भीती गुडघ्याची नव्हतीच. मी त्यांच्या पायाला हात लावून सांगितलं, "दिसतील सर."

सर गेले. राहिलो मी आणि नाना. नाना म्हणजे सरांचे कंपाउंडर. मूळचे पारोळ्याकडचे, बोलणं अस्सल अहिराणी, आणि सरांवर जीव असा की सरांचं नाव घेतानाही मान खाली घालायचे. सकाळी त्यांचं पहिलं काम म्हणजे ती खुर्ची पुसणं. पुसून झाली की सरांचा हात पुसायचा पांढरा नॅपकिन ते बैठकीवर नीट पसरायचे. चारही कोपरे सरळ. सर नाहीत तोवर या खुर्चीवर कुणी बसायचं नाही.

मला कुणी सांगितलं नव्हतं, पण मीही बसले नसतेच. एवढ्या मोठ्या माणसाच्या खुर्चीत मी, कालची पोरगी? मी कोपऱ्यातलं स्टीलचं स्टूल ओढलं आणि टेबलाच्या बाजूला बसले. आपण किती संस्कारी, असं मला मनातून वाटलंसुद्धा.

त्या दवाखान्याची एक पद्धत होती. शटर उघडायच्या आधी पेशंट पायरीवर येऊन आपली चप्पल ओळीत लावायचे आणि समोर चहाला जायचे. ज्याची चप्पल पुढे त्याचा नंबर पुढे. कुणी वाद घालायचं नाही. सर होते तोवर चपला पायरीवरून रस्त्यावर उतरायच्या म्हणे. पहिल्या दिवशी मी आले तेव्हा अर्धी पायरी भरलेली होती. माझं काळीज नुसतं उड्या मारत होतं.

पहिला माणूस आत आला. खुर्चीकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं.

"डॉक्टर कधी येतील, सिस्टर?"

"मीच डॉक्टर आहे काका. बसा ना."

त्यांनी पुन्हा खुर्चीकडे बघितलं. "बरं बरं. येतो मग नंतर." आणि चप्पल घालून गेले.

बाहेर नाना इमानेइतबारे प्रत्येकाला सांगत होते, "साहेब नही शेतस. गुडघानं आपरेशन शे, नाशिकले गयात." लोक हळहळायचे, नानांकडे सरांची चौकशी करायचे आणि उठायचे. दोघंतिघं आत आले तेही उभ्याउभ्याच बोलले, एका बाईंनी तर मला "साहेबांना निरोप द्या" म्हणून आपल्या खोकल्याची सगळी हकिगत सांगितली आणि औषध न घेताच गेल्या. दुसऱ्या दिवशी पायरीवर चार जोड होते. तिसऱ्या दिवशी एक, आणि तोही नानांचा.

अकरा वाजता नाना दारात येऊन उभे राहिले. "बठ्ठा लोके चालना गयात, ताई," ते म्हणाले. त्यांचा चेहरा बघवत नव्हता. समोरच्या काचेच्या दारातून सरांचेच पेशंट आत जाताना आम्हाला दोघांना दिसत होते. तीन दिवसांत मी सरांचा दवाखाना रिकामा करून दाखवला होता. मला रडायलाच यायला लागलं, आणि रडू येऊ नये म्हणून मी फोन काढला. बाबांची शंका आठवली. तेवढं तरी एक काम करावं म्हणून शोधायला बसले.

आणि बघते तर काय! शब्द लॅटिन निघाला. पूर्ण शब्द 'लोकम टेनेन्स'. लोकम म्हणजे जागा. टेनेन्स म्हणजे धरून ठेवणारा. जागा धरणारा! जुन्या काळी युरोपात एखाद्या गावच्या चर्चला धर्मगुरू नसला किंवा असलेला परगावी गेला, की गाव ओस पडू नये म्हणून दुसऱ्याला तिथं पाठवायचे. तो आला की नवा गुरू झाला असं नव्हे, त्याने फक्त जागा धरायची. तिथून हा शब्द पुढे डॉक्टरांकडे आला. आणि गंमत म्हणजे फौजेतला लेफ्टनंट तोही हाच. तेच दोन शब्द फ्रेंच भाषेतून फिरून आलेले, वरच्या अधिकाऱ्याची जागा धरणारा. रिकाम्या दवाखान्यात मी टुणकन उठून उभी राहिले. रडू कुठल्या कुठे गेलं. लगेच फोन लावला.

"बाबा, कळलं! लोकम म्हणजे जागा धरणारा!"

पलीकडून बाबांचा असा आवाज आला की शेजारी ऐकू गेला असेल. "अगं, म्हणजे रुमाल!"

"काय?"

"रुमाल गं! खिडकीतून टाकतात तो! एवढा अभ्यास केला साहेब लोकांनी आणि निघाला काय, तर आपला रुमाल!"

बाबांना आवरणं आता शक्य नव्हतं. कंडक्टर म्हणून सगळं आयुष्य त्यांनी रुमालांचे खटले सोडवण्यात घालवलं होतं. लग्नसराईत धुळ्याच्या स्टँडवर गाडी लागते न लागते तोच खिडक्यांतून रुमाल, टोप्या, पिशव्या, एकदा तर कुणाचा तरी लहानगा. मग गाडीत चढून भांडणं, आणि न्याय द्यायचा बाबांनी. त्यांचे नियम ठरलेले होते, आणि ते मला त्या दिवशी फोनवर एकेक करून ऐकायला मिळाले. वर्तमानपत्र चालणार नाही, ते कालचंही असू शकतं. रुमाल चालेल, पण ज्याचा रुमाल त्याने गाडी सुटायच्या आत वर आलं पाहिजे. आणि रुमाल सीटवर पाहिजे. पाठीवर लटकवलेला, खिडकीच्या गजाला बांधलेला, शेजारच्या सीटवर घसरलेला, असला रुमाल बाबा कधीच मानत नसत.

"सीटवर नाही तो रुमालच नाही," बाबा म्हणाले. मग जरा थांबून, "तू कुठे बसतेस गं?"

"स्टुलावर."

"आणि डॉक्टरची खुर्ची?"

"रिकामी आहे. म्हणजे त्यावर नाना सरांचा नॅपकिन टाकतात."

"म्हणजे जागा धरलीय नॅपकिनने," बाबा सावकाश म्हणाले, "आणि तू चाललीस उभ्याने."

मग त्यांचा आवाज बदलला. "तुझा आजा खुर्ची समोर असूनसुद्धा उंबऱ्यापाशी उभा राहायचा, कारण बस म्हणायला कुणी नव्हतं. तुला तर त्या माणसाने बोलावून बसायला सांगितलंय. मोठ्यांचा मान म्हणून तू स्टुलावर बसलीस ते मला समजतं. पण लोकांना काय दिसतं? डॉक्टर नाही, असं दिसतं. मग ते उतरून दुसरी गाडी धरणार नाहीत तर काय करतील?"

माझ्या कानशिलावर कुणी थाड्‌कन मारल्यासारखं झालं. राग आला, तोही बाबांचा नाही, स्वतःचा. चार वर्षांहून जास्त मेडिकल शिकले आणि मला एवढंही कळू नये?

दुसऱ्या दिवशी मी लवकरच पोचले. नाना खुर्ची पुसून नॅपकिन झटकत होते, तेवढ्यात मी म्हटलं, "नाना, आजपासून मी इथं बसणार."

नाना नॅपकिन छातीशी धरून उभे राहिले. "ती खुर्ची साहेबनी शे."

"साहेबांचीच आहे. त्यांच्यासाठीच धरते मी."

"नही ताई. मन्हा जीव व्हस नही." त्यांचे डोळे भरून आले. तीस वर्षं त्या खुर्चीत दुसरं कुणी बसलेलं त्यांनी पाहिलं नव्हतं. मी त्यांच्यावर चिडणार होते, पण चिडता येईना. शेवटी म्हटलं, सरांनाच विचारू. फोन लावला, स्पीकर चालू केला. सर ऑपरेशननंतर पहिल्यांदाच बोलत होते, आवाज खोल गेलेला.

नानांनी रडतरडत सगळं सांगितलं. सरांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "नाना, तीन दिवस ती पोर स्टुलावर बसली? आणि माझ्या खुर्चीवर माझा नॅपकिन?" खोकल्यासारखं काहीतरी ऐकू आलं. हसत होते की काय, कळेना. "अरे, नॅपकिनला बीपी बघता येतं का? बसव तिला आधी."

नानांनी डोळे पुसले तेही त्याच नॅपकिनने. मग त्याची घडी घातली, चौकोनी, आणि आपल्या खिशात ठेवली. खुर्ची माझ्यासाठी त्यांनी स्वतः मागे ओढली. मी बसले. वेत कुरकुरला. खुर्ची मला मोठी होत होती, पाय जेमतेम टेकत होते, आणि तरी अंगातून अशी एक लहर गेली की मला तिथंच ओरडावंसं वाटलं.

त्या दिवशी पहिली आली ती एक म्हातारी. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यावरून दर महिन्याला बीपीच्या गोळीसाठी यायची, आधी जीप मग एसटी असं करत. पदरात सरांसाठी मूठभर चारोळ्या बांधलेल्या. दारातच तिने विचारलं, "मना डॉक्टर कथा गया?"

नानांनी तोंड उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि गप्प बसले. मी म्हटलं, "आजी, डॉक्टरांच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालंय. ते येईपर्यंत त्यांच्या जागेवर मी आहे."

म्हातारीने मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. खुर्ची बघितली. "डॉक्टरना जागावर तू शे का? मंग देख माले." आणि समोरच्या खुर्चीत बसून हात पुढे केला.

मला तिचा तो हात आजही आठवतो. बीपी ठीक होतं, पण पाय सुजलेले. सरांच्या कार्डावर त्यांनीच लिहून ठेवलं होतं: या गोळीने पाय सुजतात का बघणे. मी सरांना फोन करून विचारलं, गोळी बदलली, आणि कार्डावर सरांच्या अक्षराखाली लिहिलं: पाय सुजलेले, सरांशी बोलून गोळी बदलली. तेव्हापासून मी प्रत्येक कार्डावर तसंच लिहायला लागले. सरांच्या ओळीखाली माझी ओळ. सर परत येतील तेव्हा त्यांना एक दिवसही सुटलेला वाटू नये.

जाताना म्हातारीने चारोळ्या टेबलावर ठेवल्या. "हाई डॉक्टरले दे." मी त्या बाटलीत भरून ठेवल्या.

पुढचा आठवडाभर चपला एकेक जोड वाढत गेल्या. सगळे आले असं नाही, काही काचेच्या दारात रमले ते रमलेच. पण खोकलेवाल्या बाई परत आल्या आणि आपली हकिगत पहिल्यापासून सांगितली. केळीच्या मळ्यात घड वाहून कंबर धरलेले बापे आले, शाळेत पडलेली पोरं आली, तापाने फणफणलेली आख्खी घरं आली. मी सकाळी पायरीवरच्या चपला बघायची आणि खूश व्हायची. नानांची बायको रोज डब्यात भरीत आणि कळण्याची भाकरी पाठवायला लागली. महिन्याभरात माझी खुर्ची मला बरोबर व्हायला लागली होती.

तीच तर पंचाईत झाली. पाचव्या आठवड्यात समोरचे औषधांच्या दुकानाचे मालक सहज म्हणून आत आले. "मॅडम, माझ्या शेजारचा गाळा रिकामा आहे. बोर्ड लावा. लोक आता तुमच्याच हातावर आहेत. डॉक्टरसाहेब काय, थकले आता."

मी खोटं कशाला बोलू? मला हे आवडलं. मनात बोर्ड लागलाही, माझ्या नावाचा, निळ्या अक्षरांत. संध्याकाळपर्यंत मी त्या बोर्डाखालीच होते. मग एका पेशंटचं कार्ड लिहायला घेतलं, सरांच्या ओळीखाली पेन टेकवलं आणि मला माझीच शरम वाटली. रुमालच जर सीट आपली म्हणायला लागला, तर बाबा त्याला काय करतील ते मला चांगलं माहीत होतं. दुसऱ्या दिवशी मी गाळ्याला नाही म्हटलं. मालक म्हणाले, "वेड्या आहात." असेन.

सर एक दिवस आधीच आले. कुणाला न सांगता. मी आत एका पोराचा घसा बघत होते. बाहेर बाकडी भरलेली, काही जण भिंतीला टेकून उभे. सर रिक्षातून उतरले आणि काठी टेकत पायरीपाशी थांबले. पायरीवर चपलांची रांग रस्त्यापर्यंत गेलेली होती. म्हणे ते बराच वेळ नुसते त्या चपलांकडेच बघत राहिले. मग त्यांनीही आपली चप्पल काढून रांगेच्या शेवटी ठेवली.

मला काय झालं ते आधी आवाजावरून कळलं. बाहेर एकदम बाकडी सरकल्याचा आवाज. मी दारात आले तर आख्खं बाकडं उभं होतं, सगळे, तापाचेसुद्धा, आणि प्रत्येक जण आपापली जागा दाखवत म्हणत होता, "बसा डॉक्टर, बसा." आणि सर मधोमध काठीवर उभे, बसायचं कुठं तेच त्यांना कळत नव्हतं. मी आनंदाने रडले, चारचौघांत, नाक पुसत.

मी हात धरून त्यांना आत आणलं आणि त्यांच्या खुर्चीत बसवलं. चारोळ्यांची बाटली समोर ठेवली. त्यांनी वरचं कार्ड उचललं, माझी ओळ वाचली, आणि त्याखाली लिहायला लागले. मी पिशवी उचलून निघाले.

धुळ्याला आल्यावर चार दिवस मला करमेना. सकाळी उठले की पायरीवर किती जोड असतील याचाच विचार. बाबा मला बघून हसायचे. महिन्याभराने सहीचा एक कागद घ्यायचा राहिला होता म्हणून जळगावला गेले. खरं तर कागद पोस्टानेही आला असता.

दवाखाना भरलेला होता. सर खुर्चीत. एक बाई लेकरू घेऊन आत आली, टेकायला जागा शोधली आणि टेबलाच्या बाजूच्या स्टुलाकडे वळली. नाना धावत आले.

"तठे नको माय, आठे बठ," त्यांनी तिला दुसरी खुर्ची दिली.

स्टुलावर पांढरा नॅपकिन पसरलेला होता. चारही कोपरे सरळ.

"ती जागा ताईनी शे," नाना तिला समजावत होते. मग त्यांची नजर दाराकडे गेली. त्यांनी नॅपकिन उचलला, घडी घातली आणि खिशात ठेवला.

मी जाऊन बसले. सरांनी न बघताच पुढचं कार्ड माझ्याकडे सरकवलं.